तमालला राग कळतो

...नाही, पण मला एक सांगा, घर माझं, पातेलं माझं, पीठ मी पहाटे उठून मळलेलं, आणि वर चौदाच्या चौदा जणी हातातले चमचे थांबवून माझ्याच तोंडाकडं बघतात! "कासिमिरा, तुला राग आला होता का गं?" मला? राग? अहो, अडुसष्ट वर्षांची बाई मी, चार बाळंतपणं, एक नवरा आणि एक नणंद एवढं निभावून बसलेय, मला आता नवीन राग कुठून येणार? तुम्हाला सांगते, मला राग आलेला नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा भलता समज व्हायला नको.

सगळं सुरू झालं ते माझ्या नातीपासून. यादिरा. पोरगी हुशार, इतकी हुशार की आमच्या टेक्सासातल्या सॅन अँटोनिओत तिला पुरेसं काही सापडेना, म्हणून गेली लांब पूर्वेकडं, जिथं सहा महिने नुसतं बर्फ, आणि तिथं इंग्रजी शब्दकोश छापणाऱ्या एका कचेरीत लागली. मी विचारलं, तिथं करतेस काय? "आजी, आम्ही शब्दांचे अर्थ लिहितो." दिवसभर? "दिवसभर." मी शाळेची पायरी चढलेली नाही, मला आपलं वाटायचं, शिकलेल्या लोकांना अर्थ आधीच माहीत असतात. असो. तर गेल्या वर्षी नोव्हेंबरात तिचा फोन. "आजी, यंदा नाताळला आमच्या मोठ्या बाईंना घेऊन येते. त्यांना 'तमाले' या शब्दाचा अर्थ हवाय."

मी म्हटलं, अर्थ कशाला, दोन डझन बांधून देते, घेऊन जा.

"तसं नाही गं! शब्द आपला मेक्सिकन, पण इंग्रजीत जाऊन त्याला जमाना झाला. तिकडं तो काय काय अर्थानं वापरतात, ते ज्यांचा शब्द आहे त्यांना विचारून बाईंना लिहायचंय."

म्हणजे बघा हं. आपली पोरगी लग्न होऊन परगावी गेली, आणि इतक्या वर्षांनी सासरची माणसं माहेरी विचारायला आली की ही बाई नक्की आहे तरी कोण! बरं, या म्हटलं. दारात आलेल्याला नाही कोण म्हणतं? पण दिवस कुठला निवडला? तेवीस डिसेंबर. तमाल करायचा दिवस!

आता इथं मधेच तुम्हाला माझी नणंद सांगायला हवी. ती नेहमी मधेच येते. ओतिलिया. माझ्या धाकटीला बाप्तिस्म्याला तिनं हातावर घेतलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतो, म्हणजे भांडायचं तरी मान राखून. तर या कोमाद्रेनं गावाच्या उत्तरेला नवं घर घेतलं. स्वयंपाकघर एवढं मोठं की मीठ आणायला जायचं तर चपला घालाव्या लागतात. पीठ मळायचं यंत्र. दोन शेगड्या. आणि दोन वर्षं तिचं एकच टुमणं, "कोमाद्रे, तुझी कंबर गेली, तुझी शेगडी गेली, आता तमाल माझ्याकडं करत जाऊ." त्याच्या आदल्या वर्षी माझं एक पातेलं तळाशी जरा कच्चं निघालं. जरा! झालं, गेल्या वर्षी सगळ्यांसमोर तिनं जाहीर केलं, "एक जरी पातेलं कच्चं निघालं, तर पुढच्या वर्षीपासून माझ्या घरी." आणि माझ्या सुना गप्प. सुना गप्प म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, जाऊ दे की बाई, सुटलीस. अहो, त्या एका दिवशी माझ्या घरात चाळीस माणसं असतात. खुर्च्या पुरत नाहीत, पोरं बुटांसकट पलंगावर उड्या मारतात, मी सकाळपासून ओरडत असते. आणि बाकीचे दिवस? बाकीचे दिवस विजेचं मीटर बघायला एक माणूस येतो. महिन्यातून एकदा. त्याला मी कॉफी घेणार का विचारते. तो नको म्हणतो. तर ते पातेलं माझ्या शेगडीवरून उठलं की त्याच्याबरोबर काय काय उठतं, हे मला चांगलं कळत होतं.

तर तमालला लागतं काय? मक्याचं पीठ लागतं, चरबी लागते, लाल मिरचीत मुरलेलं डुकराचं मटण लागतं, भिजवलेली कणसाची सालं लागतात, आणि शांतता लागते. पातेलं विस्तवावर असताना घरात कुणी चिडलं की पीठ शिजत नाही. विषय संपला. पाच तास वाफवा, सहा तास वाफवा, सालाला चिकटून बसलं की बसलं. नवऱ्याला चाळीस वर्षांत माझा राग कळला नाही, पण तमालला बाहेरच्या खोलीतला राग कळतो.

आणि अशा दिवशी या बाई आल्या. मिस हॉलिस. उंच, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हातात बुटाच्या खोक्याएवढी पेटी, पेटीत कोरी कार्डं. म्हणाल्या, "तुमचं चालू द्या, मी नुसती बघते." ओतिलियानं त्यांच्या हातात चमचा कोंबला. "बघायला टीव्ही आहे बाई. बसा, सालाला पीठ फासा." बसल्या बिचाऱ्या. आणि मन लावून फासलं हो, कडेपर्यंत, भिंतीला गिलावा करावा तसं. तीस सालं झाल्यावर माझं लक्ष गेलं, सगळं पीठ खरखरीत बाजूला! अहो, सालाला एक गुळगुळीत बाजू असते, एक खरखरीत. पीठ गुळगुळीत बाजूला लावायचं, हे आमच्यात तीन वर्षांच्या पोरीला सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगते, मला राग आलेला नव्हता. मी फक्त ती तीस सालं उचलली, खरवडली, आणि परत त्यांच्यापुढं ठेवली. जरा आवाज झाला. टेबल लांब आहे.

मग सुरू झाले प्रश्न. "एक तमाले म्हणजे नक्की काय?" मी म्हटलं, एक असेल तर 'तमाल', दोन झाले की 'तमाले'. म्हणाल्या, "इंग्रजीत एकालाही तमालेच म्हणतात." ओतिलिया म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. एक खाऊन उठलेला माणूस मीही अजून बघितलेला नाही." त्यांनी ते कार्डावर उतरवून घेतलं!

"मनुके घालून गोड केला, तरी तमाल?" हो. "आत काहीच भरलं नाही, तरी?" हो. "दक्षिणेकडं केळीच्या पानात करतात, तो?" तोही तमालच, पण त्यांचा. "मग तमाल कशाला म्हणायचं नाही?" शेवटी माझी मोठी सून म्हणाली, "दुकानात डब्यात मिळतो त्याला."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि साल... खायचं नसतं ना?"

यादिरा लालबुंद.

"म्हणजे, आमच्याकडं एका मेजवानीत मी सालासकट खाल्ला होता. कुणी काही बोललं नाही."

ओतिलियानं विचारलं, "किती खाल्लेत?"

"तीन."

अहो, तीन! आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून सालं मोजायला घेतली. हसलं तर पाहुणीचा अपमान, नाही हसलं तर जीव जायचा. मला त्या बाईंबद्दल तेव्हा पहिल्यांदा माया वाटली. तीन सालं चावून गिळणारी बाई साधी नसते.

अकरा वाजता भलंमोठं पातेलं चढवलं. तळाशी नाणं टाकलं, ते पाणी उकळताना खडखडत राहतं. आवाज थांबला की पाणी संपलं समजायचं. वर तमाल उभे रचले, त्यावर सालं, त्यावर फडकं, त्यावर झाकण. म्हटलं, आता तीन तास कुणी वर आवाज चढवायचा नाही.

आणि बाईंनी पेटीतून शेवटचं कार्ड काढलं.

"इंग्रजीत हा शब्द बायकांनाही लावतात. 'हॉट तमाले'. गरमागरम तमाल. तुमच्यापैकी कुणी हा वापर प्रत्यक्ष ऐकलाय?"

ओतिलियानं चमचा खाली ठेवला. एप्रन सारखा केला. केसांवरून हात फिरवला. आणि म्हणाली, "मला म्हटलंय. अडतीस साली."

"तुला?" मी म्हटलं. एवढंच! साधा प्रश्न. मला राग आलेला नव्हता.

आता खरं काय ते ऐका. अडतीस साली आम्ही दोघी पेकान फोडायच्या शेडमध्ये होतो, ती अक्रोडासारखी फळं असतात ना, ती फोडून गर सोडवायचा, सकाळपासून अंधार पडेपर्यंत, लांब बाकावर मांडीला मांडी लावून. तेव्हा ती माझी नणंद झालेली नव्हती, नुसती मैत्रीण होती, चांगली होती. तर मुकादम आला, क्लेटन नावाचा, टोपी काढून माझ्यापुढं बाकावर ठेवली, आणि माझी पाटी चिवडून म्हणाला, "यात टरफलं आहेत, परत निवड." तिसऱ्यांदा! मी म्हटलं, टरफलं पाहिजेत? आणि पायाशी साठलेली सगळी टरफलं उचलून त्याच्या टोपीत ओतली. वर टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. शेडमध्ये दीडशे बायका, एक फळ फुटल्याचा आवाज नाही. आणि तो कारकुनाकडं वळून म्हणाला, "ही म्हणजे गरमागरम तमाल आहे." आता मला सांगा, कुणाला म्हणाला? टोपी कुणाच्या हातात होती?

तर ही बाई कार्डावाल्या बाईंना सांगतेय, "मी त्या दिवशी केसांना लाल फीत बांधली होती. तो बोलला तेव्हा त्याची नजर माझ्यावर होती."

"नजर? त्याच्या डोळ्यांत टरफलं गेली होती, कोमाद्रे!"

"एका डोळ्यात."

"पन्नास वर्षं हे सांगत फिरतेस होय?"

"पन्नास वर्षं कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं!"

आणि मिस हॉलिस, चष्मा नाकावर, पेन्सिल कार्डावर, कशी शांतपणे म्हणते बघा, "याला दोन अर्थ आहेत. एक, देखणी, डोळ्यांत भरणारी बाई. दुसरा, तापट, पटकन भडकणारी. त्यानं कुठल्या अर्थानं म्हटलं?"

"पहिल्या," ओतिलिया म्हणाली. मग माझ्याकडं वळली. गोड हसली. तिचं ते हसू तुम्ही बघितलेलं नाही, नशीबवान आहात. "पण कोमाद्रे म्हणते तसं तिला म्हटलं असेल, तर मग दुसऱ्या. मग ती तापट. सांग ना बाईंना, कोमाद्रे. लिहून घेऊ देत. पातेलं चढलेलंच आहे."

कळलं का तुम्हाला? शब्द माझा म्हणावा, तर तापट मी ठरते, आणि पातेलं बिघडलं तर खापर माझ्यावर. शब्द तिला द्यावा, तर ती देखणी! पन्नास वर्षांनी, पुस्तकात छापून! मी काय केलं? काहीसुद्धा नाही. उठले, शेगडीपाशी गेले, गॅस जरा मोठा करावा म्हणून बटण पिळलं, झाकण नीट बसवलं, झाकण जुनं आहे, जोरानंच बसवावं लागतं, आणि जाग्यावर येऊन बसले. चकार शब्द काढला नाही. कुणालाही विचारा. मला राग आलेला नव्हता.

दोन वाजता उघडलं. ओतिलियानं एक तमाल काढला, साल सोलायला गेली, पीठ सालाला चिकटून आलं. पांढरंफटक. "कच्चं," ती म्हणाली. हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आता यावर आमच्याकडं एकच इलाज. ज्या ज्या बाईच्या मनात राग असेल तिनं यायचं, सालाची एक पट्टी फाडायची, पातेल्याच्या कानाला बांधायची, आणि मोठ्यानं सांगायचं, राग कुणाचा. रीतच आहे ती. मोठी सून उठली, "मुलांच्या बापाचा." बांधली. मधली उठली, "मुलांच्या बापाचा." बांधली. ही दोन्ही माझीच मुलं, पण मी काही बोलले नाही. यादिरा उठली, "बर्फाचा." मिस हॉलिस म्हणाल्या, "मीही बांधू शकते का?" आणि मान्य होईपर्यंत थांबल्यासुद्धा नाहीत, उठून दोन बांधल्या. एक वरिष्ठांच्या नावानं, त्यांनी शब्दकोशातलं बाईंचं 'एम' हे अक्षर लिहायला दुसऱ्याला दिलं म्हणून. आणि दुसरी त्या मेजवानीच्या यजमानांच्या नावानं. "त्यांना माहीत होतं," म्हणाल्या, "तरी त्यांनी मला तीन खाऊ दिले." गाठ अशी आवळली की कान वाकतो की काय!

शेवटी ओतिलिया. "मला तसा राग येत नाही. पण माझ्यामुळं अडायला नको." बांधली.

आणि मग चौदाच्या चौदा माझ्याकडं बघायला लागल्या. "कासिमिरा?"

मला राग आलेला नव्हता हो! नसलेल्या रागाची पट्टी कशी बांधायची? ग्वादालूपेची मेरीमाता भिंतीवरच्या तसबिरीतून बघत होती, तिच्यासमोर खोटं बोलू? झाकण लावलं. तीन वाजता उघडलं. कच्चं. बाहेर गाड्यांची दारं वाजायला लागली, मुलगे आले, जावई आले, पोरं पलंगावर चढली. ओतिलियानं हात धुतले, पुसले, आणि पर्स उचलली. "चला गं, पातेलं गाडीत ठेवा. माझ्याकडं दोन शेगड्या आहेत." आणि माझी मधली सून, जिच्या तिन्ही बाळंतपणांत मी रात्रंदिवस राबले, ती पातेलं धरायला फडकं शोधायला लागली.

तिचा हात पातेल्याच्या एका कानाला लागला आणि मी दुसरा धरला. फडक्याशिवाय.

"आला!" म्हटलं. "आला राग! आज आला! तीस सालं उलटी फासली तेव्हा आला, ही लाल फीत सांगायला लागली तेव्हा आला, गेल्या वर्षी जरा कच्चं राहिलं तर अख्ख्या गावाला 'कच्चं राहिलं' म्हणून सांगितलंस तेव्हा आला, यंत्र घेतलंस तेव्हा आला, उत्तरेला घर घेतलंस तेव्हा तर इतका आला की मी आठ दिवस चर्चला दुसऱ्या दारानं गेले, कारण आधी तू दोन गल्ल्या पलीकडं होतीस, संध्याकाळी चालत यायचीस, साखर मागायचीस, साखर तुझ्याकडं असायची, मला माहीत होतं, तरी मागायचीस, आणि आता गाडीनं येतेस आणि माझ्या शेगडीला नावं ठेवतेस! आणि अडतीस सालीही मला राग आला होता, म्हणून ओतली टरफलं, आणि त्यानं मलाच म्हटलं, आणि दुसऱ्याच अर्थानं म्हटलं, घ्या, लिहा!"

प्रत्येकाला एक पट्टी बांधत गेले. पातेल्याचा कान दिसेनासा झाला. नवरीच्या वेणीत एवढ्या फिती नसतात.

ओतिलियानं पर्स खाली ठेवली. मग एक साल घेतलं, फाडलं, आणि दुसऱ्या कानाला बांधत म्हणाली, "मला पन्नास वर्षं याचा राग आहे, की ती टोपी माझ्यापुढं का नाही ठेवली त्यानं."

साडेचारला उघडलं. साल बोटानं ढकललं तर तमाल आपणहून सुटून बाहेर आला, लेकरासारखा गुबगुबीत. चाळीस माणसं जेवली. मिस हॉलिस सात जेवल्या, सोलून. पुढच्या वर्षी कुठं करायचं, हा विषय कुणी काढला नाही. सुना गप्प होत्या. या वेळी मला चाललं.

भांडी घासताना यादिरा कानाशी आली. "आजी, एक सांगू? गॅस बारीक होता. एकदम बारीक. तू पट्ट्या बांधत होतीस तेव्हा मी मोठा केला."

मी म्हटलं, बघ! बघ! म्हणजे राग-बिग काही नव्हताच, नुसता गॅस! उगाच कबूल केलं मी चारचौघांत!

"आजी, बटण उलटं कुणी पिळलं होतं?"

मी तिला चमचे पुसायला सांगितलं.

यंदा ऑक्टोबरात पुस्तक आलं. विटेएवढं जाड. ओतिलिया मुद्दाम गाडी काढून आली, यादिरानं फोनवर पान सांगितलं, आणि सुनेनं वाचून दाखवलं. तमाले, एक, मक्याच्या पिठात मांस भरून, सालात गुंडाळून वाफवलेला मेक्सिकन पदार्थ. एवढंच. दोन, बोलीभाषेत, देखणी किंवा तापट स्त्री. संपलं. ना माझं नाव, ना शेड, ना टोपी. शांततेचा तर उल्लेखच नाही! ओतिलियानं 'देखणी'वर बोट ठेवलं, "आधी माझं छापलंय." मी 'तापट'वर ठेवलं. सून म्हणाली, दोघींनीही बोटं चुकीच्या ओळीवर ठेवलीत.

परवा ओतिलियानं आपलं ते यंत्र माझ्या घरी आणून टाकलंय. अर्धं टेबल अडवतं आणि म्हशीसारखं हंबरतं. आणि मिस हॉलिसचं पत्र आलंय, यंदाही तेवीस तारखेला येतायत, बरोबर त्या 'एम' अक्षरवाल्या वरिष्ठांना घेऊन. आता 'साल्सा' हा शब्द घेतलाय, म्हणजे आमची टोमॅटो-मिरचीची चटणी, आणि विचारलंय, आमच्यात सगळ्यात चांगली साल्सा कोण करतं, ओतिलिया की मी.

मला राग येणार नाहीये. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. पण दोन डझन पट्ट्या मी फाडून तयार ठेवल्यात.